गोजरबाईनं न पुसलेलं पान

कोपरगावातल्या एका लहानशा वाचनालयात गोजरबाई झाडलोट करायची आणि मार्चची तपासणी आली की रबर घेऊन पुस्तकं पुसत बसायची. वाचणाऱ्यांची सवयच तशी होती. पुस्तक आवडलं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं शेरा मारायचा. त्यात हायस्कुलातल्या पोरापोरींच्या आवडीच्या कादंबऱ्यांची तर पार दैना. गोजरबाई चौथी शिकलेली. शेरे वाचायची, हसायची आणि पुसायची.

एकाहत्तर सालच्या मार्चात मात्र तिचं टाळकं फिरलं. त्या वर्षी एका कादंबरीनं गावातल्या पोरींना वेड लावलं होतं. प्रेमभंग झालेली सोळा वर्षांची नायिका केसांत मोगरा माळून पौर्णिमेला विहिरीत उडी घेते, आणि लेखकमहाशय दोन पानं नुसतं चांदणं शिंपीत बसतात! शेवटचं पान शेऱ्यांनी गच्च भरलेलं. 'किती सुंदर मरण!' 'मी तीनदा रडले.' आणि अगदी खाली, 'मरावं तर असं.'

ते अक्षर ओळखीचं होतं. नववीतल्या विजयमालाचं, तिच्या एकुलत्या एका लेकीचं.

गोजरबाईनं ती ओळ पुन्हा वाचली. मग डोक्यात आग पेटली. असली कादंबरी लिहिणाऱ्याचा हात कसा झडला नाही? तिनं रबर भिरकावलं, टेबलावरचं शाईचं पेन उचललं आणि त्या शेऱ्यांवरूनच मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'माझी बहीण भागिरथी अशीच गेली. तिसऱ्या दिवशी वर आली. आईला तिचं तोंड बघू दिलं नाही.'

"बाई, शाईनं?" ग्रंथपाल राधाकृष्ण पारखे ओरडले. "तुम्हाला पुसायला ठेवलंय की लिहायला? आत्ताच्या आत्ता वर कोरा कागद चिकटवा."

"न्हाई चिकटवनार. आदी पोरी काय लिवत्यात ते वाचा. तुमच्या लेकीनं लिवलं असतं म्हंजी कळलं असतं तुमाला."

"मग उद्यापासून येऊ नका."

"न्हाई येत!" आणि पुस्तक काखेत मारून ती भर उन्हात घरी निघाली.

शनिवारची सकाळची शाळा सुटून विजयमाला घरी आलेली होती. गोजरबाईनं ते पान उघडून तिच्यापुढं आपटलं.

"वाच. मोठ्यानं वाच."

पोरगी वाचू लागली. शेवटच्या ओळीपर्यंत तिनं वाचलं. तिनं मान वर केली, तेव्हा रडू कुठंच नव्हतं. चेहरा रागानं लाल झाला होता.

"मावशी काविळीनं गेली म्हनून सांगत हुतीस ना?"

सगळं घर इतकी वर्षं तेच सांगत आलं होतं. सांगून सांगून गोजरबाईलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आता तिला त्या लेखकाइतकाच स्वतःचाही राग आला.

"खोटं सांगत हुते," ती म्हणाली. "बस खाली. तुझ्याएवढीच हुती ती."