बापूसाहेबांचे औषध

बापूसाहेबांसमोर ‘विष’ म्हणायची सोय नव्हती. कोंड्यात गूळ आणि जहाल सोमल कालवून नाकतोडे मारायला शेतात टाकत, त्यालाही “औषध म्हणा, औषध!” असे ते चारचौघांत सुनावत. अकोल्याच्या शेतीखात्याच्या कचेरीत ते आमचे वरिष्ठ, मी त्यांचा कारकून. माणूस मनाचा फार मऊ. खिडकीत चिमण्यांना तांदूळ टाकल्याशिवाय जेवणाचा डबा उघडत नसत. अशा माणसावर धड रागावताही येत नसे.

एकदा नागपूरहून सरकारने विचारले, या औषधाने दुर्मिळ पक्ष्यांना काही अपाय होतो काय? बापूसाहेब छत्री, पानाचा डबा आणि मला घेऊन मूर्तिजापूरकडच्या एका गवताळ बरडावर गेले. तिथे माळढोकाची जोडी राहत होती. नराच्या घुमण्यावरून वऱ्हाडात त्याला हूम म्हणतात. शेजारच्या शेताचे मालक देवराव हात जोडून म्हणाले, “सायेब, माह्या बापाच्या वक्ताले इथी थवे होते. आता येवढी जोडीच राह्यली. मादी अंड्यावर बसून राह्यली. नाकतोडेच खातेत हे. बरड तेवढा सोडा न, बाकी कुठीबी टाका तुमचं जहर.”

“औषध!” बापूसाहेबांनी दुरुस्ती केली.

देवरावांनी आपल्या शेतासाठी मिळालेल्या त्याच कोंड्याची टोपली पुढे केली. “मंग घ्या चिमूटभर. गूळ बी हाय त्यात.”

बापूसाहेबांनी घाईघाईने पान तोंडात टाकले, छत्रीखालूनच बरडावर नजर फिरवली आणि मला अहवाल सांगितला, ‘मेलेला पक्षी आढळला नाही. सबब अपाय नाही.’ औषध बरडभर पडले.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. अंडे नव्हते, पिल्लू नव्हते, जोडीही नव्हती. बापूसाहेबांनी सांगितले, ‘पक्षीच नसल्याने अपायाचा संभव उरलेला नाही.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा चेहरा मात्र लग्न पार पडलेल्या वधुपित्यासारखा निवांत होता.

“सायेब, हूम बोलत नाई आता,” देवराव म्हणाले.

“म्हणजे त्याचीही तक्रार नाही!”

बापूसाहेब निवृत्त झाले त्या दिवशी कचेरीत हार झाले, पेढे झाले. आपल्या औषधाने एकही पक्षी दगावला नाही, हे ते छातीवर हात ठेवून सांगत होते. तेवढ्यात शिपायाने उरलेल्या कोंड्याचे पोते आणून खिडकीखाली टेकवले. बापूसाहेब भाषण सोडून ओरडले,

“अरे, ते विष हलव तिथून! माझ्या चिमण्या येतात!”