जिन्यातले खोके

नारायणगुड्याच्या आमच्या इमारतीत खाली रंगीत टीव्हींचं दुकान आलं, तेव्हापासून जिन्यात रिकामे खोके साचू लागले. येण्याजाण्याचा तेवढा एकच जिना. वरच्या मजल्यावरचे काका रोज सकाळी ते खोके अंगणात नेऊन ठेवत. संध्याकाळी दुकानातली माणसं नवे आणून रचत.

काका आधी फौजेत, मग अग्निशमन दलात होते. लढाईचं विचारलं की "हौ, होतो," एवढंच म्हणत. कुणाकडेही गेले तरी दाराजवळच बसत, आणि चहा पार निवल्यावर पीत.

गुडघा दाबत उतरताना ते दिसले की मला वैताग यायचा. एकदा म्हटलं, "काका, दुकानदाराला बोला ना."

"बोलून दमलो बेटा. फौजेत बोललो, आगीच्या गाडीवर बोललो. जळल्यावर सगळे ऐकतात. त्यापेक्षा उचललेलं बरं."

मागच्या थंडीत ते झोपेतच गेले. त्यांना खाली आणताना आम्ही वळणावर अडलो. खोके छातीपर्यंत रचलेले होते आणि आमचे सगळ्यांचे हात काकांच्या अंगाखाली गुंतलेले.

"अरे, खोके हटवा कोणीतरी," मागून कोणी म्हणालं.

हटवणारे एकच होते. ते आमच्या हातांवर होते.