ताठ गुडघ्याची गाडी

तेलुगू मुलखाला लागून असलेल्या मुधोळजवळच्या आमच्या गावातल्या बहुतेक बैलगाड्यांची चाकं सुतारमामांनी केलेली. पण मामा स्वतः कधी गाडीत बसले नाहीत. झाडावरून पडल्यापासून त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे. कुणी गाडीत घेऊ म्हटलं की म्हणत, "मी काय कापसाचा बोरा हाय, लादून न्यायला?"

भाषावार राज्यं झाली आणि दोन कोसांवरचं त्यांच्या लेकीचं सासर पलीकडच्या राज्यात गेलं. मामांच्या घरी बाईमाणूस नव्हतं, म्हणून लेकीचं पहिलं बाळंतपणही तिकडेच होणार होतं. "बाबा, बारशाला या," असा तिचा निरोप आला. "सरहद सरकली, लेक थोडीच सरकली?" मामा म्हणत. पण कुबडीवर दोन कोस होत नव्हते.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुट्टीत आलो की मामा विचारत, "नवं काय शिकून राह्यला, बापू?" एकदा मी चाचरत सांगितलं, सायकलला पायडल येण्याआधी युरोपात लाकडी दुचाकी होती, माणूस तिच्यावर बसून पायांनी जमीन रेटत जाई. "पण ती अपुरीच होती," मी घाईनं म्हणालो.

मामांचा रंधा थांबला. "अपुरी कोणाले? मले तं पायडल मारताच येत नाही."

पंधरवड्यात मामांची तसलीच गाडी तयार झाली. चाकांवर लोखंडी पट्ट्यांच्या धावा, ताठ पाय ठेवायला फळी. मामा उतारावरून निघाले ते थेट कडब्याच्या गंजीत शिरले. पुढचं चाक त्यांनी घट्ट बसवलं होतं. ते वळतं असतं, हे सांगायला मी विसरलो होतो. मी माफी मागू लागलो, तर मामा कडबा झटकत हसले. "चुकी माहीच. जल्मभर बैलगाड्या केल्या. वळवाचं काम बैलाचं. इथं बैल मीच, हे ध्यानातच नाही आलं!"

चाक वळतं करून बारशाच्या सकाळी ते निघाले. शेजारची काकू ओरडली, "मामा, पायडल घरी राह्यलं का जी?"

"तुमाले ठेवलं!" मामा मागं न बघता म्हणाले.

ते मग नातीपाशीच राहिले. चाकांचं कामही तिकडेच मांडलं. कॉलेजात कशालाही 'अपुरं' लिहिताना माझा हात अजून अडतो.

बारशाच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या वाटेनं चालत गेलो होतो. धुळीत चाकांची नागमोडी रेघ होती आणि तिच्या एकाच अंगाला एका पावलाचे ठसे. राज्याच्या हद्दीच्या नव्या दगडापाशी ती रेघ थबकली नव्हती.