दामले साहेबांशी राहिलेलं भांडण

दामले साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते देवासच्या आमच्या हातमोज्यांच्या कारखान्यात. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी सरदारपूरहून लग्न होऊन आलेली, नवीन शिवणारी. पहिला जोड शिवून दिला तर साहेब म्हणाले, "आता हाच घालून दिवसभर पेट्या उचला." मला राग आला. संध्याकाळी अंगठ्याची शिवण उसवली आणि बोटाला फोड आला. "परदेशातल्या माणसालाही असाच येईल, बाई," एवढंच बोलले. आपला माल आधी आपण घालायचा, हा त्यांचा नेम. आमचा माल बाहेर टिकला तो त्यामुळेच, हे मी मानते.

पण पुढचं मला अजून कळलेलं नाही. एका लहानशा देशातली माणसं कारखाना बघायला आली. तिकडचे सरकारी कारखाने बंद पडलेले. आता ती आपल्या हिमतीवर हातमोजे बाहेर विकायला बघत होती, आणि माल परत येत होता. साहेबांनी त्यांनाही त्यांचेच हातमोजे घालून पेट्या उचलायला लावल्या. मग अंगठा पक्का कसा शिवायचा ते मलाच दाखवायला सांगितलं. आमचे फोरमन रमेशभिया पुटपुटले, "भाभी, अपनी रोटी अपने हाथ से दे रहे हैं।"

मी सरळ विचारलं, "साहेब, हे आपली ऑर्डर नेतील ना?"

"नेतील कदाचित."

"मग?"

"मग आपण यांच्याहून चांगलं शिवू."

हे काय उत्तर झालं?

ऑर्डर गेलीच. आम्ही अर्ध्या शिफ्टवर आलो आणि माझं घर तर माझ्या एकटीच्या पगारावर. साहेब एकेकीच्या घरी जाऊन अर्ध्या शिफ्टचं स्वतः सांगत होते. माझ्याकडे आले तेव्हा मी पाणीसुद्धा विचारलं नाही. तेच म्हणाले, "चहा तरी टाका, बाई. भांडण नंतर करू." चहा पिऊन पिशवीतून कोपरापर्यंतचा जाड मोजा काढला, वेल्डिंगवाल्यांचा. "हा जमेल?"

जमवला. त्यावरच कारखाना पुन्हा पूर्ण शिफ्टवर आला. ती माणसं आली नसती तर साहेबांनी हा मोजा काढला असता का? की जुनी ऑर्डरही राहिली असती आणि हीही मिळाली असती? रमेशभिया एक म्हणतात, मी एक. साहेबांना विचारलं तर नुसते हसतात.

साहेबांना पंचाहत्तर पूर्ण झाली. देवाने त्यांना हातीपायी धड ठेवावं, भरपूर वर्षं द्यावीत. चहा मी केव्हाही टाकते. भांडण अजून व्हायचं आहे.