ओठाला नंतर पाडलेलं भोक

पोरी, तुला जवळ बसवूनच सांगणार होते. दर वेळी "आत्या, वेळच नाही" म्हणतेस. आबिड्सला तुझं ऑफिस, तिथून जामबागेतलं माझं घर असं किती लांब आहे गं? तुझ्या बापाशी माझं बोलणं बंद आहे, तुझ्याशी नाही. का बंद आहे ते त्यानं तुला अर्धंच सांगितलं असणार, म्हणून लिहिते आहे. मराठी वाचताना अडलीस तर अक्षरं लावून वाच.

हिवाळ्यात मांजरा नदीचं पाणी उतरलं की पात्रात रेतीचं बेट उघडं पडतं. तिथं बसून गळ टाकायला आमच्या वडिलांनी आम्हा भावंडांना शिकवलं. कणकेत शेंगदाण्याची पेंड मळायची, गोळी गळाला लावायची, काठीच्या टोकाला घुंगरू बांधायचं आणि गप्प बसायचं. वडील म्हणायचे, "त्यानं आपणहून घास घेतला तर तो आपला. नाहीतर नदीचा." घरी माय रोहूच्या जाड ओठावरून बोट फिरवायची. गळाचं भोक लागलं की मगच मासा विळीवर. आता तिला दिसत नाही, पण बोट फिरवल्याशिवाय राहत नाही.

यंदा पंधरा दिवस ती एकच विचारत होती, "मांजरेचा मासा कधी?" या वयात पुढच्या हिवाळ्याचं कुणी सांगावं? म्हणून तुझा बाप आणि मी गेलो.

त्यानं अफझलगंजच्या बाजारातून तीन काट्यांचा गळ आणलेला, त्याला शिशाचं वजन. गोळीबिळी काही नाही. पाण्यात फेकायचा आणि झटके मारत ओढायचा. वाटेत जो येईल त्याच्या अंगात काटा.

"मासे धरतोस का गोधडी फाडतोस रे?" मी म्हटलं.

"अक्का, तुझं घुंगरू वाजायची संध्याकाळपर्यंत वाट बघू का? तोंडात लागला काय, पोटात लागला काय, सालनाच्या रश्श्यात सगळं एकच."

"मग जाळं टाक की! गळाचं नाव कशाला बदनाम करतोस?"

"हौ, आजकाल सगळे असंच धरतात."

"सगळे मुसी नदीत घाण टाकतात. तू पण टाक."

दोन मासे अंग फाटून सुटले. एकाचं आतडं बाहेर लोंबत होतं, तसाच तो खोल पाण्यात गेला. मला शिसारी आली. तिसरा मात्र आला, हातभर लांब, पोटात काटा रुतलेला. मग तुझ्या बापानं काय करावं? मेलेल्या माशाचा ओठ धरला आणि गळाचं टोक त्यातून आरपार घातलं. "मायसाठी," म्हणाला, आणि हसला.

मी बघितलं. माय वाट बघत असेल म्हणून तोंड शिवून घेतलं.

घरी मायनं ओठ चाचपला. तिचा चेहरा असा फुलला! "अगदी बापासारखा धरलास रे." त्यानं ती शाबासकी खुशाल घेतली. मी मासा चिरला तर आत पित्त फुटलेलं, मांस हिरवं-पिवळं झालेलं. मीठ-चिंच चोळून तीनदा धुतलं. माझ्याच हातांची मला किळस आली.

पहिल्याच घासाला माय थांबली. "कडू आहे. पित्त फुटलंय."

"अक्कानं चिरताना फोडलं असेल," तुझा बाप म्हणाला, माझ्याकडे न बघता.

हयात गेली माझी मासे साफ करण्यात!

"तू फोडलंस का गं?" मायनं विचारलं.

हो म्हटलं असतं तर तिचा लेक तिच्यापुरता चांगला राहिला असता. पण ते "हो" तोंडातून निघेना. "नाही माय. यानं पोटात गळ मारला. ओठाला भोक नंतर पाडलं. मी बघितलं, आणि तरी शिजवलं."

मायनं घास हातावर काढला. "मला दिसत नाही म्हणून?" एवढंच म्हणाली. कुणाला, ते कळलं नाही.

तुझा बाप चपला घालून गेला तो गेलाच. अक्कानं इज्जत काढली म्हणून सांगत फिरतो म्हणे. इज्जत!

पण फटका मलाही बसलाय गं. मी ताट वाढलं की माय प्रत्येक घासाआधी विचारते, "यात काय घातलंस?" रोज विचारते. वरणभातालासुद्धा. तुझा बाप काही माफी मागायला यायचा नाही, तू तरी ये. आजीच्या ताटात तिच्याबरोबर जेव. तू खाल्लंस तर तीही न विचारता खाईल. या रविवारीच ये.