पहिली फेरी

शिवणबाईंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो लिफ्टच्या दारात हात आडवा धरून उभा होता. त्यांचं शिवणाचं दुकान चौथ्या मजल्यावर, काखेत कपड्यांचं गाठोडं, आणि हा दुरुस्तीवाला काही बाजूला होईना.

"झाली ना दुरुस्त? मग सोडा की."

"आधी मी एक फेरी मारून येतो."

"जिवावर उदार दिसताय!"

"माझ्याच. तुमच्या जिवावर उदार व्हायला मी कोण?"

तो एकटाच वर गेला, खाली आला आणि दार उघडून म्हणाला, "चला." त्या एका शब्दावर शिवणबाई भाळल्या. वर्षाच्या आत लग्न झालं.

लग्नात चर्चच्या पाळकसाहेबांनी बजावलं होतं, बाप हा घरचा याजक; घर देवाकडे न्यायचं ते त्यानं. लिफ्टवाल्यानं ते मनाशी गाठ मारून ठेवलं. रोज संध्याकाळी ग्रीसचे हात घासून धुवायचे आणि बायकोला आणि दोन्ही मुलांना घेऊन प्रार्थनेला बसायचं. आधी बायबलमधला शास्त्रपाठ, मग गीत. गाताना त्याचा सूर कुठल्या मजल्यावर थांबेल याचा नेम नसे. धाकटी तोंडात ओढणी कोंबून हसायची. मग एकेकानं दिवसभरातली आपली चूक देवाला सांगायची. आधी धाकटी, मग थोरला, मग शिवणबाई. शेवटी तो डोळे मिटून म्हणायचा, "प्रभू, आम्हां सर्वांना क्षमा कर. आमेन."

एका संध्याकाळी थोरला बसलाच नाही. मिसरूड फुटायचं वय.

"बाबा, कामावर तुम्ही आधी चढता. इथे मात्र आम्हाला चढवता आणि स्वतः दाराशी उभे राहता. त्या 'सर्वांना'च्या आड. उद्यापासून मला धरू नका."

"जीभ आवर!" शिवणबाई ओरडल्या खऱ्या, पण मनात आलं, इतकी वर्षं शेजारी गुडघे टेकले, आणि हे आपल्या कसं लक्षात आलं नाही? बाप रागावला नाही. त्यानं शास्त्र मिटलं आणि न जेवता झोपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरला पायांत बूट घालून उंबऱ्यातच उभा होता. कुणी बसायच्या आत बापानं गुडघे टेकले.

"आज आधी मी." त्यानं डोळे मिटले. "प्रभू, आज माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ब्रेक नुसता वरवर पाहिला, फेरी न मारताच 'चालू करा' म्हणालो. आत्ता लोक त्या लिफ्टमधून वर-खाली करताहेत."

शिवणबाईंच्या तोंडून निघून गेलं, "कुणाला कळलंय का?"

धाकटी आईकडे बघतच राहिली. शिवणबाईंना आपलाच आवाज परका वाटला.

बाप आमेन न म्हणताच उठला. "लिफ्ट बंद ठेव, कुणाला चढू देऊ नकोस," असं त्या इमारतीच्या रखवालदाराला फोनवर सांगत तो जिना उतरला. थोरल्यानं न सांगता हत्यारांची पिशवी उचलली आणि त्याच्यामागे धावला.

दोघं परतले तेव्हा बापाचा ओठ फाटला होता आणि थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, मी खाली उभा होतो. बाबा एकटेच आत. लिफ्ट तळमजल्यावर थांबलीच नाही, सरळ खालच्या खड्ड्यात आदळली." त्यानं पिशवी खाली ठेवली. "त्यात कुणीही असतं गं. आणि बाबांनी मॅनेजरला आपणहून सांगितलं, यंत्राचा दोष नाही, माझा आहे."

"उद्या कामावरून काढतील," बाप म्हणाला.

रडावं की पदर ओला करून तो ओठ पुसावा, शिवणबाईंना कळेना. तेवढ्यात थोरल्यानं बूट काढले आणि जमिनीवर गुडघे टेकले.

"आमेन राहिलंय," तो म्हणाला.

बाप त्याच्या शेजारी टेकला, पण आमेन त्यानं इतक्यात म्हटलं नाही. बायकोकडे पाहून थांबला. शिवणबाईंनी पदर डोक्यावर घेतला.

"प्रभू," त्या म्हणाल्या, "कुणाला कळलंय का, असं मी विचारलं."

कंपनीनं त्याला काढलं. आता तो एका दवाखान्यात लिफ्टमन आहे. बसायला स्टूल मिळालंय. सकाळची पहिली फेरी तो एकटाच मारतो.