अडीचशे वॅटची गाडी आणि शहाडचा पूल

लायसन लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही, सायकलच समजा ताई, असं गोड बोलून ज्या शेठने मला बॅटरीची गाडी विकली तो सकाळपासून फोन उचलत नाहीये.

मी मोहन्याहून कल्याणला जेवणाचे डबे पोचवते. नवी होती तेव्हा गाडी पंचवीसच्या वर जायची नाही आणि डबे लादले की शहाडच्या पुलावर जीव सोडायची. मी उतरून ढकलायची. शेठकडे गेले तर म्हणाला, "एक वायर काढतो, मग बघा." काढली. पळाली. मी खूश.

आज पुलाखाली हवालदाराने अडवलं. "काकू, किती पळते हो?" मला वाटलं, त्याला बायकोसाठी घ्यायची असेल. मी तोऱ्यात बोलले, "चाळीस! तेही डबे लादून!"

"मग ही सायकल नाही, गाडी झाली. लायसन दाखवा." अडीचशे वॅटच्या आत मोटर आणि पंचवीसच्या आत स्पीड, तरच लायसन माफ म्हणे. गाडी उचलून नेली. रिक्षाने जाईपर्यंत डबे गार झाले. दोन घरांनी "उद्यापासून नको" सांगितलं.

वायर जोडली तर पूल चढत नाही, काढली तर पोलीस. कुणाला मार्ग माहीत असेल तर सांगा. मला तर दिसत नाही.

आणि शेठ, तुम्ही पण या ग्रुपमध्ये आहात. ती वायर स्पीड अडवणारी होती, ती काढली की लायसन लागतं, हे तेव्हाच का नाही सांगितलं? रविवारपर्यंत इथेच, सगळ्यांसमोर उत्तर द्या.